घरपोच मतपत्रिका: सॅन डिएगो काउंटीच्या टपाली मतदानाचा अनुभव

पाचपैकी साडेचार तारे. निवडणूक 5 नोव्हेंबर 2024 ची.

कॅलिफोर्नियात नोंदणी चालू असलेल्या प्रत्येक मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी येते, मागावी लागत नाही. आमच्याकडे रँचो बर्नार्डोला ऑक्टोबरमध्येच पाकीट आलं. आत लांबलचक मतपत्रिका, तिकीट न लावता परत पाठवायचं पाकीट आणि ‘मी मत दिलं’चा स्टिकर. स्टिकर मुलीने लगेच पळवला.

निवांत वाचायला इतके दिवस मिळतात, हेच या सेवेचं खरं मोल. राष्ट्राध्यक्षापासून मतदारांनी थेट हो-नाही ठरवायच्या राज्याच्या 10 प्रस्तावांपर्यंत सगळं त्याच मतपत्रिकेवर होतं. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो राज्य विधानसभेच्या 76व्या मतदारसंघावर. तेव्हाचे आमदार ब्रायन माइनशाइन यांची मुदतमर्यादा भरल्यामुळे जागा मोकळी झाली होती. समोरासमोर दोघी: रिपब्लिकन क्रिस्टी ब्रूस-लेन आणि डेमोक्रॅट दर्शना पटेल. पटेल शास्त्रज्ञ आहेत, 2016 मध्ये पोवे युनिफाइड या शाळा-जिल्ह्याच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या आणि त्यांनी बोर्डाचं अध्यक्षपदही सांभाळलं. आमच्या मुलांच्या शाळा याच बोर्डाच्या.

जिल्हा परिषदेतून आमदारकीला उभं राहणं आपल्याला नवीन नाही. इथला फरक असा की स्कूल बोर्ड फक्त शाळाच बघतं, आणि त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. त्यामुळे कामावरूनच माणूस जोखावा लागतो. एप्रिल 2024 मध्ये याच बोर्डाने सुपरिंटेंडंटना, म्हणजे शाळांच्या मुख्य प्रशासकांना, एकमताने काढलं होतं. असे निर्णय कुणी कसे घेतले, हे बघूनच मला मत द्यायचं होतं.

शाळा आणि विधानसभा यांचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी पोवेचे रोखे सांगते. पटेल यांच्या आधीच्या बोर्डाने 2011 मध्ये साडेदहा कोटी डॉलर उचलले. पहिली 20 वर्षं हप्ता नाही, पण एकूण परतफेड जवळजवळ 98 कोटी! आज शाळेत असलेली मुलं कमावती होतील तेव्हा हे फेडत असतील. त्यानंतर 2013 मध्ये राज्याने कायदा करून अशा रोख्यांची परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर आणि मुदत 25 वर्षांवर रोखली. बोर्डाच्या टेबलावर झालेल्या चुकीला लगाम सॅक्रामेंटोत, राज्याच्या राजधानीत, बसला. म्हणूनच शाळेचा हिशेब कळणारं माणूस तिथे असावं, असं मला मनापासून वाटतं.

अर्धा तारा कापला तो माहितीपुस्तिकेसाठी. विधानसभेच्या उमेदवाराला काउंटीच्या पुस्तिकेत 250 शब्दांचं निवेदन पैसे भरून छापता येतं, तेही प्रचारखर्चाची मर्यादा स्वीकारली असेल तरच. शाळांच्या पैशाबद्दल 250 शब्दांत काय कळणार? राज्याची पुस्तिका वेगळी येते. ती हिंदीतही मिळते, सासूबाईंसाठी तीच घ्या.

परतीच्या पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. माझी सही मराठीत, ‘श्री’च्या वेलांटीसकट, म्हणून थोडी धाकधूक होती. पाकीट वाचनालयाबाहेरच्या अधिकृत पेटीत टाकलं. मतपत्रिका कुठवर पोचली ते कळवणाऱ्या ‘वेअर्स माय बॅलट’ला नाव नोंदवलं होतं, त्यामुळे पाकीट पोचल्याचा आणि नंतर मत मोजल्याचा मेसेज आला. सही जुळली नाही तर ते कळवतात आणि दुरुस्तीची संधी देतात.

निकालाला वेळ लागतो. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालशिक्का असेल तर पाकीट सात दिवसांनी पोचलं तरी मोजतात, आणि प्रत्येक सही तपासतात. माझी त्याला अजिबात हरकत नाही. पटेल निवडून आल्या.

ज्यांना स्वतः जाऊनच मत द्यायचं असतं त्यांच्यासाठी मतदान केंद्रं असतात, काही तर मतदानाचा दिवस धरून 11 दिवस उघडी. नागरिकत्वानंतर सही बदलली असेल तर आधी नोंदणी अद्ययावत करून घ्या.