जुनी इंग्लिश दुनळी घेतली, एक अख्खा सीझन वापरली, त्याचा अनुभव

डावा इजेक्टर गेला म्हणून आज लिहायला बसलोय, नाहीतर लिहितो लिहितो म्हणत टाळतच होतो. उजव्या नळीचं रिकामं काडतूस टुणकन खांद्यावरून मागे जातं आणि डावीकडचं तिथेच ठाण मांडून बसतं, मग ते नखाने उकरा, मागे बाकीची मंडळी ताटकळत उभी.

बंदूक म्हणजे बारा बोअर (हे नळीच्या आतलं माप), साइड बाय साइड म्हणजे शेजारी-शेजारी नळ्या, बॉक्सलॉक म्हणजे खटक्याची यंत्रणा मधल्या लोखंडी पेटीतच, आणि रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकणारे इजेक्टर, बर्मिंगहॅमची. मी इथे इंग्लंडात मिडलँड्समध्येच राहतो, रविवारी क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या) मारायला जातो, शिकार वगैरे काही नाही. आमच्या गावाकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका असतात, वानर-डुकरांसाठी, निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायच्या, त्यामुळे "विलायती बंदूक" म्हटलं की जुनी माणसं कशी बोलायची ते डोक्यात होतं. इथे त्याच विलायतीला कुत्रं विचारत नाही. सगळ्यांना एकावर एक नळीवाली ओव्हर-अंडर पाहिजे, म्हणून साधी इंग्लिश बॉक्सलॉक दोन-चारशे पौंडात मिळून जाते. मला तेच हवं होतं.

आणि शंभर वर्षं जुनी म्हणजे अँटिक, म्हणजे सर्टिफिकेट नको, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बारा बोअरची काडतुसं आजही दुकानात मिळतात, त्यामुळे शॉटगन सर्टिफिकेट लागतंच, घेतल्यावर सात दिवसांत पोलिसांना कळवायचं.

आता खरी-खोटी कशी बघायची. सगळे आधी नळ्यांच्या मधल्या पट्टीवरचं नाव वाचतात. तिथेच फसतात. एका ओळखीच्याने मोठ्या हौसेने "डब्ल्यू. रिचर्ड्स" दाखवली, त्याला वाटलं नावाजलेल्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीचीच. नळ्या काढून उलट्या केल्या तर लंबगोलात ईएलजी, म्हणजे बेल्जियमची, लिएजची. इंग्लिश नावाशी मिळतंजुळतं नाव टाकून अशा बंदुका त्या काळी ढिगाने विकल्या गेल्या. दुसरी गोष्ट पत्त्याची. मोठे बंदूकवाले नावासोबत पत्ता कोरायचे आणि पत्ते बदलत गेले. लंडनचे पर्डी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ऑक्सफर्ड स्ट्रीटला होते, मग साउथ ऑडली स्ट्रीटला गेले. बॉस १९०८ पर्यंत सेंट जेम्स स्ट्रीटला, नंतर डोव्हर स्ट्रीट. पत्ता एका काळातला आणि बंदुकीचा नंबर दुसऱ्या काळातला असला की सरळ हात जोडून बाहेर पडायचं.

पण माझ्या बजेटात ही नावं नव्हतीच. माझ्या पट्टीवर एका छोट्या गावातल्या दुकानदाराचं नाव आहे, ज्याने आयुष्यात बंदूक बनवली नसणार. हा फ्रॉड नाही हां. बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमध्ये, म्हणजे बंदूक कारागिरांच्या वस्तीत, बंदूक बनायची आणि विकणारा आपलं नाव घालायचा. काळाघोड्याची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग माहितीये ना, तीच कंपनी, त्यांच्या नावाच्या बंदुकापण अशाच दुसऱ्यांनी बनवलेल्या. नाव सोडा.

नळ्यांच्या खालचा सपाट भाग वाचा. प्रूफ हाउस म्हणजे जिथे नळ्या जादा दाबाचा बार काढून तपासतात आणि शिक्का मारतात. बर्मिंगहॅमचं १८१३ चं, लंडनचं त्याहून कितीतरी जुनं, आणि या देशात प्रूफमध्ये नसलेली बंदूक विकणं गुन्हा आहे, त्यामुळे हे शिक्के म्हणजे बंदुकीचा सातबारा समजा. १९०४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी. एनपी म्हणजे नायट्रो, आजच्या पावडरीला चालणारी. १९२१ पासून वर्षाचं एक अक्षरपण बारीक मारतात, माझी त्यावरून विशीच्या दशकातली निघाली. दाबाचे आकडे टनात दिसले तर ते प्रूफ १९५४ नंतरचं, बार या एककात दिसले तर अलीकडचं, म्हणजे कुणीतरी मधे काम करून परत प्रूफ करून घेतलंय, हे उलट चांगलं. जुन्यांवर १३/१ असं काही लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ नळी आतून ७१९ थाउ (इंचाचे हजारावे भाग) होती. आता गेजने मोजून ७२९ आली तर आतून घासून घासून गुळगुळीत केलीये आणि बंदूक प्रूफबाहेर गेली, वरून कितीही चकचकीत असू दे. भिंतीची जाडी २० थाउच्या खाली नको असं इथले गनस्मिथ म्हणतात.

एका दुकानात अगदी सुंदर नग होता. शिक्क्यात चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) अडीच इंची, गेज घातला तर पावणेतीनपर्यंत आत गेला. कुणीतरी चेंबर वाढवलं, प्रूफ केलंच नाही. दुकानदार म्हणे "त्याने काय होतं, ७० मिमीची काडतुसं वापरता येतील." मी म्हटलं राहू दे.

बाकी पटापट. नळ्या हुकावर लटकवून बोटाच्या पेराने टिचकी मारायची, घंटेसारखी वाजली पाहिजे, बद्द आवाज आला तर पट्टीचं डाख सुटलंय. फोर-एंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढून बंदूक बंद करून हलवायची, खुळखुळली तर नको. दस्त्याला मुठीमागे चीर आहे का बघा. डॅमस्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या नळ्यांची मला भीती वाटायची, पण नायट्रो प्रूफ असेल तर तीपण चालते. नंबर चार ठिकाणी जुळला पाहिजे, खटक्याच्या गार्डवर, अ‍ॅक्शनवर (यंत्रणेचा मधला लोखंडी भाग), नळीवर, फोर-एंडच्या लोखंडावर.

आणि आता स्क्रू. मला माहितीये लोक हसतात पण माझं ठाम मत आहे की जुन्या इंग्लिश बंदुकीत नाव नाही, नंबर नाही, स्क्रू बघायचे. चांगल्या कारागिराने बसवलेल्या स्क्रूची खाच नळीच्या रेषेत उभी थांबते, सगळ्यांची. खाच इतकी बारीक असते की हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रूड्रायव्हर तिच्यात जातच नाही, गनस्मिथ त्या स्क्रूपुरता घासून वेगळा बनवतो. आणि नक्षी! आजूबाजूच्या लोखंडावरची वेल स्क्रूच्या डोक्यावरून पुढे जाते. ती वेल तुटली, एक पान इकडे एक तिकडे असं दिसलं, तर स्क्रू तरी बदललाय नाहीतर जास्त पिळलाय. शिक्के वाचायला शिकावं लागतं, गेज विकत घ्यावा लागतो, स्क्रू बघायला फक्त मोबाईलचा टॉर्च लागतो, फुकट. मी दुकानात गेलो की आधी टॉर्च काढतो, बायको तोंड फिरवून उभी राहते.

माझ्या बंदुकीचे अ‍ॅक्शनवरचे सगळे स्क्रू एक नंबर, वेल अखंड. फोर-एंडचे मात्र कुणीतरी चावल्यासारखे. त्यावरून मी भाव चांगला पाडून घेतला आणि खुशीत घरी आलो. सीझनभर मस्त चालली, ६५ मिमीची हलकी काडतुसं, झटका नावाला. वजन कमी म्हणून दिवसभर हात दुखत नाही, माझ्या मित्राची नवीन ओव्हर-अंडर उचलली की फरक कळतो. स्टील छर्रा यात घालत नाही, घालायचाच नाही.

आणि मग इजेक्टर गेला. इजेक्टर कुठे असतो? फोर-एंडमध्ये. कुठले स्क्रू खराब होते? बोललो होतो ना.

दुकानदाराला फोन केला. त्याचं म्हणणं शंभर वर्षांच्या वस्तूला स्प्रिंगची गॅरंटी कोण देतं. माझं म्हणणं, बिलावर तूच "इजेक्टर चालू, तपासलेले" लिहिलंयस. तो म्हणे तेव्हा चालूच होते. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच जास्त डोकं फिरलं. ईमेलवर ईमेल, प्रत्येक ईमेलला स्क्रूचे फोटो जोडले, मागाहून कळलं की त्याच्या दुकानात माझं नाव स्क्रूवालाच पडलंय.

अपडेट, वरचं लिहून झाल्यावर गनस्मिथकडे जाऊन आलो. इजेक्टरची व्ही आकाराची स्प्रिंग तुटलीये, आणि ती मूळची नव्हतीच, कुणीतरी घरगुती बनवून कोंबलेली, नीट टेंपर न केलेली. इथवर माझं बरोबर. पण इजेक्टरचे बाकीचे भाग साउथगेट नावाच्या जुन्या पद्धतीचे, मूळचे, आणि त्यांच्यावर बंदुकीच्या नंबरचे शेवटचे आकडे मारलेले, बाहेरून कधीच दिसले नसते. शिवाय नळीच्या बुडाशी खालच्या बाजूला कारागिराची आद्याक्षरं आहेत. हा म्हातारा गनस्मिथ ती बघून हसला, म्हणाला हे काम चांगल्या माणसाचं आहे, पट्टीवरच्या नावाकडे बघून तू जेवढं समजतोस त्याच्या वरचं. म्हणजे जो भाग बघून मी बंदुकीला एक स्टार कमी देणार होतो त्याच्याच आत सगळ्यात खरा पुरावा निघाला. स्टार परत दिला. स्क्रूबद्दलचं मत बदललेलं नाही, फक्त आता म्हणतो की खराब स्क्रू म्हणजे मधला मिस्त्री वाईट, बंदूक खोटी असेलच असं नाही.

नवीन स्प्रिंग हाताने बनवायची, बिल बंदुकीच्या किमतीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं. दुकानदाराने शेवटी अर्धं भरलं, बहुतेक फोटो थांबावेत म्हणून. गनस्मिथ म्हणाला फोर-एंडचा एक स्क्रू पार गेलाय, नवीन करतो, वर नक्षी मारून पाहिजे असेल तर त्याचे वेगळे. किती विचारलं, आकडा ऐकला आणि म्हटलं कोराच बसव.