दुखत नसलेल्या दाढेचं रूट कॅनाल

आईचा एकही दात दुखत नव्हता. मोफत तपासणीची जाहिरात वाचून ती नुसते दात साफ करून घ्यायला गेली आणि दोन रूट कॅनालचे, म्हणजे दाढेची नस काढून आतली पोकळी भरण्याचे, आगाऊ पैसे भरून घरी आली.

तोंडात छोटा कॅमेरा घालून तिथल्या दंतवैद्यांनी तिला तिच्याच दाढा पडद्यावर दाखवल्या. इतक्या मोठ्या करून दाखवलेल्या दाढेच्या खाचेतली तपकिरी रेघ कुणालाही भेगच वाटेल. "कीड नसेपर्यंत गेली आहे, आज केलं नाही तर दाढ काढावी लागेल," असं सांगितलं. वर सवलत फक्त आजच्यापुरती! एक्स-रे काढला, पण हातात दिला नाही. एका दाढेचं काम त्याच बैठकीत उरकलं आणि कॅपसाठी ती घासूनही टाकली.

दुसऱ्या दाढेची पाळी येण्याआधी मी आईला वेगळ्या दंतवैद्यांकडे नेलं. त्यांनी त्या दाढेला बर्फासारखा थंड बोळा लावला. आईला थंड जाणवलं आणि बोळा काढताच थांबलं. निरोगी नस अशीच वागते. ती आतून फार सुजलेली असेल तर कळ नंतरही रेंगाळते, मेलेली असेल तर सहसा थंड जाणवतच नाही. मग त्यांनी दाढेवर हलकेच ठोकून पाहिलं, नवा एक्स-रे काढला. रेघ म्हणजे खाचेत बसलेला डाग निघाला. पहिल्या दाढेचा जुना एक्स-रे बरंच भांडल्यावर मिळाला. त्यातही नसेच्या आसपास कीड नव्हती.

पैशांपेक्षा मला त्या दाढेचा संताप येतो. कॅप बसावी म्हणून चावण्याची बाजू साधारण दीड ते दोन मिलिमीटर घासतात. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, बनवणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरत नाहीत, त्यामुळे घासलेलं पुन्हा कधीच भरून येत नाही.

कीड न दुखताही वाढते, हे खरं आहे, आणि याच खऱ्याचा आधार घेऊन घाबरवलं जातं. म्हणून तपासणी टाळू नका. पण प्रत्येक डाग म्हणजे कीड नव्हे. खड्डा पडण्याआधीची पांढरट सुरुवात तर १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइडच्या पेस्टने आणि नीट ब्रश केल्याने बऱ्याचदा थांबते, तिथे ड्रिल लागतच नाही.

रूट कॅनाल सांगितलं तर नस तपासली का, कशी तपासली, हे विचारा आणि एक्स-रे मागून घ्या. चेहऱ्यावर सूज, ताप किंवा झोपू न देणारी कळ असेल तर थांबू नका, लगेच उपचार घ्या. यातलं काहीच नसेल तर दुसऱ्या दंतवैद्यांचं मत घेण्याइतका वेळ जवळपास नेहमीच असतो. 'आजच' म्हणून घाई करणाऱ्याला पैसे देऊ नका.

दुसऱ्या दंतवैद्यांनी निदान लेखी दिलं, म्हणून न केलेल्या कामाचे पैसे परत मिळाले. केलेल्या कामाबद्दल दोन्ही दाढांचे एक्स-रे जोडून आम्ही लेखी तक्रार दिली आहे.