आधी शब्द की थेट फ्लॅग?

अमेरिकी हायस्कूल फुटबॉलमध्ये साइडलाइन (मैदानाच्या कडेची रेषा) आणि टीम बॉक्स (संघाची बसण्या-उभं राहण्याची जागा) यांच्यामध्ये दोन यार्डांची पट्टी असते. बॉल थांबलेला असताना तिथे तीन कोच उभे राहू शकतात. खेळ सुरू झाला की पट्टी रिकामी हवी. कारण लाइन जज, म्हणजे कडेचा पंच, याच पट्टीतून पळतो, नजर बॉलवर ठेवून. मागे कोण उभंय हे त्याला दिसत नाही.

काही पंच आधी गोडीत सांगतात, "कोच, जरा मागे." पहिल्या क्वार्टरमध्ये हे चालतं, वातावरणही बिघडत नाही. पण तिसऱ्यांदा सांगताना शब्दाची किंमत उरत नाही. कोच पुन्हा पुढे येतोच (कोचच तो!).

फ्लॅग (नियमभंग दाखवणारा पिवळा रुमाल) टाकला तर पहिल्या वेळी नुसती ताकीद, संघाला यार्डांचा दंड नाही. दुसऱ्यांदा 5 यार्ड, पुढे दरवेळी 15. खेळ चालू असताना पंचाला धक्काच लागला, तर ताकीद नाहीच, थेट 15.

मला विचाराल तर एकदा तोंडी, मग फ्लॅग. ताकीद फुकटच असते, ती वापरायला संकोच कसला? चौथ्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा फ्लॅग काढलात, तर सगळं स्टेडियम तुमच्यावर ओरडणार.