जुना कंडेन्सर माईक: मूळ कॅप्सूल वाचवायची की नवी घालायची?
फोंड्यात आमच्या भजनी मंडळाच्या पेटाऱ्यात एक हातातला माईक सापडला, नाव घासून गेलेलं, सगळे म्हणाले डायनॅमिकच असणार, म्हणजे वीज न लागणारा, पण मिक्सरकडून केबलमधूनच येणारी ४८ व्होल्टची फँटम वीज दिल्याशिवाय चकार शब्द काढेना म्हणजे कंडेन्सरच. जाळीतला स्पंज बोट लावताच पिठासारखा गळला. मूळ कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, ठेवायची तर आधी सिलिका जेलच्या डब्यात चार दिवस, आपल्या पावसाळ्यातली चरचर बऱ्याचदा ओलाव्याचीच असते, मग फेटजवळचा (कॅप्सूलचा क्षीण सिग्नल पुढे देणारा ट्रान्झिस्टर) बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, कॅप्सूलच्या पडद्याला मात्र हात नको, तो जेमतेम काही मायक्रॉनचा. नवी इलेक्ट्रेट कॅप्सूल (आत कायमचा विद्युतभार साठवलेली) स्वस्त आणि झटपट, पण मग जुनं उरलं काय, नुसता सांगाडा! जुनीही इलेक्ट्रेटच असून तिचा हा चार्जच उडाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बिनधास्त बदला. माझी अजून डब्यातच आहे.