पाच औंसची ‘अमेरिका द ब्युटिफुल’ चांदीची नाणी: वर्षभर जवळ ठेवल्यावर काय वाटतं

ही नाणी घेऊन आता वर्ष होत आलं, आणि घरी येणारा प्रत्येक जण हातात घेऊन एकच विचारतो, घ्यावीत का, तर सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यूएस मिंटने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने, 2010 ते 2021 या काळात प्रत्येक राज्य, वॉशिंग्टन डीसी आणि पाच टेरिटरीज मिळून 56 ठिकाणांची क्वार्टर, म्हणजे 25 सेंटची नाणी, काढली, नॅशनल पार्क वगैरेंची. इथे अमेरिकेत राहत असाल तर लाँड्रीसाठी सुट्टे काढताना ती तुमच्याही हातून गेली असणार. तेच डिझाइन मोठं करून 99.9 टक्के शुद्ध चांदीत पाच ट्रॉय औंसचं नाणं काढलं, ते हे. व्यास 76.2 मिलिमीटर, नेहमीच्या क्वार्टरच्या तिप्पट, वजन 155.5 ग्रॅम म्हणजे आपल्या हिशोबाने तेरा तोळ्यांच्या वर. आणि एवढं असूनही त्यावर ‘क्वार्टर डॉलर’च लिहिलंय, कायद्याने त्याची किंमत 25 सेंट! कडेला रेघा नाहीत, तिथे शुद्धता आणि वजन कोरलंय.

सगळी 56 गोळा करायच्या भानगडीत मी पडलो नाही. त्यात किल्ले, रणांगणं, जुनी घरं पण खूप आहेत, ती वाईट आहेत असं नाही पण मला निसर्गाचीच हवी होती. जमवली ती यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, हवाई व्होल्कॅनोज, ग्रेट बेसिन, आर्चेस आणि एव्हरग्लेड्स.

सगळ्यात जास्त वेळ हातात असतं ते ग्रँड कॅन्यनचं. बहुतेकांना वाटतं त्यावर ती नेहमीची कॅलेंडरवाली व्ह्यू पॉइंटची फ्रेम असेल, पण डिझाइन करणाऱ्या फीबी हेम्फिलने घेतलंय कॅन्यनमधल्या नानकोवीप या जागेचं दृश्य, कड्यात वर अंधारी चौकोनी तोंडं दिसतात ती तिथल्या मूळच्या प्युब्लो लोकांच्या पूर्वजांची धान्याची कोठारं, आणि खाली लांबवर कोलोरॅडो नदी वळण घेत जाते. क्वार्टरवर ही कोठारं म्हणजे नुसते ठिपके, काय आहे ते कळतच नाही. इथे मात्र टेबल लॅम्प एका बाजूने तिरका लावला की प्रत्येक तोंडाच्या आत सावली पडते, कड्याचे थर वेगळे होतात आणि नदी किती खोल खाली आहे ते डोळ्यांना पटतं. दिवा सरळ वरून लावला तर सगळं सपाट दिसतं, म्हणून सांगतोय, तिरकाच लावा.

ग्रेट बेसिनचं 2013 चं नाणं पण तसंच. त्यावर ब्रिसलकोन पाइनचं एकच झाड आहे, पिळवटलेलं, अर्धं वाळलेलं. ही झाडं हजारो वर्षं जगतात. आज जिथे हा पार्क आहे तिथलंच एक झाड 1964 मध्ये संशोधनासाठी कापलं, तेव्हा 4,800 च्या वर वलयं मोजली गेली. हे वाचल्यावर मला फार वाईट वाटलं होतं आणि आता ते नाणं बघताना ते आठवतंच. खोडाचा पीळ इतका सुंदर उतरलाय की बोट फिरवावंसं वाटतं (फिरवू नका, खाली सांगतो का ते).

यलोस्टोनवर ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या झऱ्याचा फवारा आणि पुढे बायसन, आपल्या गव्यासारखा, छान आहे पण वाफ धातूत दाखवणं अवघडच, ती जरा जड वाटते. आर्चेसवर डेलिकेट आर्च आणि मागे ला साल डोंगर. एव्हरग्लेड्सवर पंख पसरून बसलेला अ‍ॅनहिंगा, आपल्याकडे तळ्याकाठी पंख वाळवत बसतो ना तो तिरंदाज पक्षी, त्याचाच सख्खा भाऊ म्हणा, मला तर भिगवणच आठवलं. वॉशिंग्टनच्या बाजूबद्दल मात्र फार सांगण्यासारखं नाही, 1932 च्या क्वार्टरवरचाच चेहरा आहे, चांगला आहे, पण सगळ्या नाण्यांवर तोच.

आता महत्त्वाचं, या नाण्यांचे दोन प्रकार आहेत आणि घेण्याआधी हा फरक समजून घ्याच. एक बुलियन, म्हणजे मुख्यतः चांदीसाठी घेतात ते, चकचकीत, मिंटची खूण नसलेलं, हे मिंट लोकांना थेट विकत नव्हती, ठरलेल्या डीलर्सकडूनच यायचं. दुसरं कलेक्टरवालं, वॉशिंग्टनच्या बाजूला ‘पी’ ची (फिलाडेल्फियाची) खूण, आणि पृष्ठभाग मॅट, म्हणजे चमक नसलेला. दोन्ही फिलाडेल्फियातच पाडलेली. 2010 मध्ये प्रत्येक डिझाइनची बुलियन 33,000 आणि कलेक्टर जास्तीत जास्त 27,000 च निघाली, पुढे काही वर्षी तर आकडे आणखी खाली गेले, हवाईचं बुलियन 20,000 च्या आसपासच आहे आणि म्हणून महाग मिळतं. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत आणि इतके महिने बघून माझं मत पक्कं झालंय की बघायला मॅटच चांगलं. चकचकीत नाण्यात खिडकी दिसते, दिवा दिसतो, स्वतःचं तोंड दिसतं, डोंगर शोधावा लागतो.

तक्रार म्हणाल तर बुलियनवर आहे. माझ्या आर्चेसवर चार-पाच महिन्यांनी आभाळाच्या मोकळ्या जागेत दुधाळ पांढरे डाग उठले, हात न लावता, कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्याच्या पारदर्शक डबीत असताना. हे चांदीच्या बुलियन नाण्यांवर होतं, आणि एकदा आले की धड जात नाहीत. शिवाय एका विक्रेत्याने एव्हरग्लेड्सचं नाणं मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाठवलं, तसलं पाकीट पीव्हीसीचं असतं, त्यातून हिरवट चिकट थर चढतो. आल्या आल्या बाहेर काढलं म्हणून वाचलं. 76 मिलिमीटरच्या कडक अ‍ॅक्रिलिक कॅप्सूल वेगळ्या मिळतात, त्या नाण्यासोबतच मागवा. धरायचं ते कडेनेच, बोटाचा ठसा काही दिवसांनी तपकिरी होऊन कायमचा बसतो. रबर, लोकर, साधा पुठ्ठा यांपासून लांब ठेवा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आमच्याकडे न्यू जर्सीत उन्हाळ्यात बेसमेंटला ओल येते म्हणून मी वरच्या कपाटात सिलिका जेल टाकून ठेवतो.

आणि घासायचं नाही म्हणजे नाही! आई इकडे आली होती तेव्हा यलोस्टोनच्या कडेला जरा पिवळसर छटा दिसली तर म्हणाली, “अरे काळं पडायला लागलंय, आण इकडे, पितांबरीने दोन मिनिटांत लखलखीत करते.” तिला म्हटलं आई, निरांजन, ताम्हण सगळं दे घासायला, हे नको, घासलं की बारीक ओरखडे पडतात आणि किंमत उतरते. मग तिने दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ते कॅप्सूलसकट तबकात ठेवलं, हळदकुंकू वरून वाहिलं, नंतर पुसून घेतलं. हा उपाय मला फार आवडला.

नकली नाणीही फिरतात, त्यामुळे आल्यावर कॅप्सूल काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, 155.5 च्या आसपास हवं, व्यास मोजा, लोहचुंबक लावून बघा, चिकटता कामा नये. वजन बरोबर आणि नाणं जाड असेल तर मात्र लगेच शंका घ्या, कारण हलक्या धातूला वजन भरायला जाडी वाढवावी लागते.

पैशाचं बोलायचं तर नुसती चांदी साठवायची असेल तर हे घेऊ नका, वीट घ्या, तिला चांदीच्या भावावर प्रीमियम, म्हणजे वरचे जादा पैसे, कमी पडतात. मी गावातल्या एका दुकानात सहज विचारलं तर त्यांनी मॅट नाण्यालाही जवळजवळ चांदीचाच भाव सांगितला, ‘पी’ ची खूण त्यांच्या लेखी नव्हतीच. चांगली किंमत हवी तर हौशी माणूसच शोधावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. इथे टॅक्स भरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा, वर्षापेक्षा जास्त ठेवून नफ्यात विकलं तर चांदीची नाणी कलेक्टिबल्समध्ये धरतात आणि फेडरल दर जास्तीत जास्त 28 टक्के लागतो, शेअर्ससारखा जास्तीत जास्त 20 नाही.

पण ज्याला ही ठिकाणं जीव लावून बघायची आहेत, जाऊन आलोय किंवा जायचंय असं वाटतं, त्याने एक तरी जरूर घ्यावं, मी तर आणखी घेणार आहे. सुरुवात करायची तर ग्रेट बेसिनचं मॅट घ्या, ‘पी’ ची खूण बघून, मूळ डबी आणि सर्टिफिकेट सोबत असेल तरच. माझं पुढचं ठरलंय ते पिक्चर्ड रॉक्स, 2018 चं, ज्यावर चॅपल रॉकच्या माथ्यावर एकटं पाइनचं झाड उभं आहे. कुणाकडे जास्तीचं असेल आणि घासलेलं नसेल तर मला आधी सांगा.