रिंगणाचे कुंपण : जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा दोन वर्षांचा अनुभव

मिरजेजवळच्या मळ्यात मुलांना घोडेस्वारी शिकवण्यासाठी २० मीटर रुंद व ४० मीटर लांब रिंगण आखले, तेव्हा १२० मीटरच्या घेराला कुंपण कशाचे घालावे हा प्रश्न खर्चापायी बराच काळ रेंगाळला. काटेरी तारेचा विचारही केला नाही, कारण बिथरलेल्या घोड्याला बारीक तार दिसत नाही आणि तीत अडकलेला पाय तो हिसडून ओढतो तेव्हा कातडी सोलून निघते. पोलादी पाइप परवडेना. शेवटी कुपवाडच्या एका भंगार व्यापाऱ्याकडून जुना रबरी कन्व्हेअर पट्टा (कारखान्यात माल वाहून नेणारा फिरता पट्टा) आणि वखारीतून निलगिरीचे पन्नास खांब आणले. फळ्यांच्या कुंपणाच्या अंदाजित खर्चाच्या साधारण निम्म्यात काम झाले.

आठ-आठ फुटांवर खांब रोवून पट्ट्याच्या दोन ओळी आतल्या बाजूने ठोकल्या असून वरची ओळ सव्वाचार फुटांवर आहे. खांब बाहेर राहिल्यामुळे कडेने जाणाऱ्या स्वाराचा गुडघा त्यांवर आपटत नाही. तरणे शिंगरू अंगावर आले तरी पट्टा दबतो, मोडत नाही आणि त्याची ढलपी कोणाला लागत नाही. फाटक दहा फुटी ठेवले, म्हणजे वाळू सारखी करायला ट्रॅक्टर आत येतो. ते बाहेरच्या बाजूला उघडते.

तक्रारीही आहेत. खांब अडीच फूट पुरून व बुडाला डांबर लावूनही पहिल्या उन्हाळ्यात काळी माती भेगाळली आणि कोपऱ्यांतले खांब आत कलले, कारण ताणलेला पट्टा तिथे दोन दिशांनी ओढतो. त्यांना बाहेरून तिरके टेकू देऊन बुडाशी काँक्रीट भरावे लागले. हे आधीच केले असते तर बरे झाले असते. उन्हात पट्टा सैल पडतो, म्हणून दर चैत्रात तो पुन्हा ताणावा लागतो.

त्याहून गंभीर गोष्ट पट्ट्याच्या कापलेल्या कडेची, कारण रबराच्या आतले नायलॉनचे धागे तिथे सुटे होतात. आमची घोडी एके सकाळी ओठांनी चाळा करत वीतभर नायलॉनचा धागा ओढून चघळताना दिसली. असे धागे पोटात गेले तर आतड्यात गोळा होऊन जिवावर बेतणारा पोटशूळ होऊ शकतो. मग घोडे दूर बांधून सगळ्या कडा गॅसच्या ज्योतीने भाजून काढल्या. रबराचा तो वास आठवडाभर नाकातून गेला नाही. व्यापाऱ्याने दिलेल्या एका गुंडाळीत तर आत पोलादी तारा निघाल्या, ती परत घेताना त्याने वाहतुकीचे पैसे कापून घेतले. घेण्यापूर्वी प्रत्येक गुंडाळीचा तुकडा कापून पाहावा.

घोडे मोकळे सोडतो त्या कुरणाला हा पट्टा मी लावलेला नाही, कारण दिवसभर रिकामे उभे राहिलेले जनावर कडा कुरतडणारच. रिंगणातही खोगीर उतरले की घोडी लगेच तबेल्यात जाते.