लाँग पोल की बॉक्स? लॅक्रॉसमध्ये डिफेन्डर म्हणून पुढे जायचं असेल तर

अमेरिका-कॅनडात वाढणारा तुमचा मुलगा लॅक्रॉसमध्ये, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने बॉल झेलत-फेकत गोल करायच्या खेळात, डिफेन्सला म्हणजे बचावाला खेळत असेल आणि ‘यातच पुढे जायचंय’ म्हणत असेल, तर त्याच्यापुढे व्यावसायिक वाटा मुख्यतः दोन. उन्हाळ्यात मैदानावर होणारी प्रीमियर लॅक्रॉस लीग, म्हणजे पीएलएल. आणि हिवाळ्यात आइस हॉकीच्या रिंकवर कृत्रिम गवत अंथरून होणारी नॅशनल लॅक्रॉस लीग, म्हणजे एनएलएल. रिंकवरच्या या प्रकाराला बॉक्स लॅक्रॉस किंवा नुसतंच बॉक्स म्हणतात. (मुलींच्या खेळाचे नियम वेगळे आहेत; हे सगळं पुरुषांच्या खेळाबद्दल.)

पैशाचं आधीच बोलून टाकू. पीएलएल २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा मोसमाला सरासरी ३५ हजार डॉलरच्या आसपास मानधन आणि शिवाय आरोग्य विमा, असं चित्र होतं. एनएलएलमध्ये बहुतेकांची दुसरी नोकरी असतेच. आठवडाभर काम, मग विमान, शनिवार-रविवारी सामना. त्यामुळे नुसत्या मानधनावर घर चालेल असं धरून कुठलीच वाट निवडू नका.

खरा फरक रोजच्या कामात आहे. मैदानी खेळात डिफेन्डरची काठी ७२ इंचांपर्यंत, म्हणजे चक्क सहा फुटी असू शकते. हाच लाँग पोल. समोरच्या अटॅकमनची असते ४० ते ४२ इंची. अशा लांब काठ्या एका संघाला एका वेळी चारच चालतात. अटॅकमन गोलच्या मागून, ज्या जागेला सगळे ‘एक्स’ म्हणतात तिथून, बॉल घेऊन निघतो. डिफेन्डर हातभर अंतर राखून त्याच्याबरोबर सरकतो आणि पोलचं टोक त्याच्या खालच्या हाताच्या ग्लोव्हवर टोचत राहतो. हा पोक चेक. बॉल पडलाच पाहिजे असं नाही. त्याला वर मान करून पास शोधू द्यायचा नाही, एवढंच. मोठा फटका मारायचा मोह झाला की पाय थांबतात आणि गडी आतून निसटतो. कबड्डीत कोपरारक्षकाने घाई केली की चढाईपटू सुटतो, अगदी तसं. पण तो सुटला तरी दुसरा डिफेन्डर स्लाइड करून, म्हणजे आपला गडी सोडून मदतीला, येतो, म्हणून इथे बोलणारा खेळाडू सोन्याच्या मोलाचा.

बॉक्समध्ये लांब पोलच नाही. गोल जेमतेम चार फूट उंच, शॉटसाठी ३० सेकंदांचं घड्याळ, आणि चारही बाजूंना बोर्ड. काठी दोन्ही हातांत आडवी धरून समोरच्याला रेटणं, म्हणजे क्रॉस-चेक, मैदानावर फाउल ठरतो. बॉक्समध्ये तेच डिफेन्डरचं रोजचं काम. दंड काळेनिळे होतात, पण पाय आणि छातीने माणूस अडवायची सवय लागते. लांब पोलच्या आधाराने झाकल्या जाणाऱ्या चुका इथे लगेच उघड्या पडतात. म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की पोल धरणाऱ्या मुलानेही निदान हिवाळ्यात बॉक्स खेळावं.

जागांचं गणित पाहा. पीएलएलचे संघ आठ, कॉलेज ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, चार फेऱ्या मिळून ३२ निवडी, त्यातही डिफेन्डर थोडेच. उलट एनसीएए या अमेरिकन कॉलेज क्रीडा संघटनेच्या पहिल्या विभागात सत्तराहून अधिक संघ आहेत. एनएलएलमध्ये २०२४-२५ ला १४ संघ होते आणि बॉक्समध्ये गोली सोडून संघातले जवळपास निम्मे बचावाचेच असतात. पण तिथे स्पर्धा कॅनडाच्या ऑन्टारिओ, ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतल्या पोरांशी आहे. ती लहानपणापासून रिंकवरच वाढलेली असतात.

मैदानी वाटेची सर्वांत मोठी कमाई मात्र लीग नाही, कॉलेज आहे. पूर्ण शिष्यवृत्तीची आशा धरू नका: वर्षानुवर्षं पहिल्या विभागातल्या संघाला १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या चाळीस-पन्नास जणांत वाटल्या जायच्या. २०२५ पासून नियम बदललेत, तेव्हा प्रत्येक कॉलेजला थेट विचारा. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येलसारख्या नामांकित विद्यापीठांच्या गटात, खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. पण चांगल्या विद्यापीठाचं दार पोलमुळे किलकिलं होतं, आणि ही डिग्री गुडघा गेल्यावरही उपयोगी पडते. डेव्ह पिएट्रामाला हा १९८७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडून डिफेन्डर म्हणून कॉलेज स्पर्धेत विजेता ठरला, पुढे तिथेच प्रशिक्षक होऊन २००५ आणि २००७ ला विजेतेपद मिळवलं. पीएलएलचा सर्वोत्तम डिफेन्डरचा पुरस्कार त्याच्याच नावाने आहे. मायकेल एरहार्ट तर पोल घेऊन खेळणारा असूनही २०१८ च्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि दोन्ही मोसम वेगळे असल्याने ग्रेम हॉसॅकसारखा कॅनेडियन एनएलएलच्या हॅलिफॅक्स संघाकडून बॉक्स आणि पीएलएलच्या आर्चर्सकडून मैदानी, दोन्ही खेळला आहे.

ऑलिम्पिकचं स्वप्न असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. २०२८ च्या लॉस एंजलिस स्पर्धेत लॅक्रॉस घ्यायचं ठरलं ते आपल्या मुंबईतच, ऑक्टोबर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या (आयओसी) अधिवेशनात, क्रिकेटबरोबर. पण तिथे खेळला जाणार ‘सिक्सेस’ हा प्रकार: सहा-सहा जण, छोटं मैदान, आणि लांब पोलला परवानगी नाही. फक्त पोलवर वाढलेल्या डिफेन्डरला तिथे नव्याने शिकावं लागतं, बॉक्सवाल्याला बरंच कमी.

मला विचाराल तर न्यू जर्सी किंवा मेरीलँडमध्ये राहत असाल आणि मुलगा उंच, अभ्यासात बरा असेल, तर पोल मुख्य ठेवा आणि बॉक्स जोडीला. टोरँटोकडे असाल, मुलगा बुटका पण दणकट असेल, तर उलट करा. मात्र नववी-दहावीपर्यंत त्याच्या हातात पोल द्याच, कारण अमेरिकन कॉलेजचे प्रशिक्षक डिफेन्डरला उन्हाळी मैदानी स्पर्धांतच पाहायला येतात.